रंग लाल, पण जात कोणती?

'देशी गाईचं तूप' हा ऑफिसच्या लंच टेबलवरचा हॉट टॉपिक. बरणीवर तांबड्या-लाल गाईचा चकचकीत फोटो असतो आणि आपण फिदा! पण बॉस, नुसत्या रंगावरून गाईची जात ओळखता येते?

उत्तरासाठी परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या बाजूला चला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं नाव मिरवणारी लाल कंधारी ही या पट्ट्यातली जात. अंगभर एकसारखा लाल रंग, वळू गाईपेक्षा जरा जास्तच गडद. मुळात हे उन्हात राबणारं, शेतकामाचं जनावर. दूध बेताचंच. म्हणून जास्त दुधासाठी अशा देशी गाईंचा होल्स्टीनशी संकर सुरू झाला.

आता खरा फंडा. लाल कंधारी गाय आणि काळा-पांढरा होल्स्टीन वळू यांचं वासरू सहसा काळं निघतं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. काळ्याची एकच प्रत लालवर भारी पडते. पण लाल संपत नाही, नुसता लपतो. अशी दोन संकरित काळी जनावरं जुळवली, तर सरासरी 4 पैकी 1 वासरू पुन्हा लाल होऊ शकतं.

ते दिसायला कंधारी, पण आतून साधारण निम्मं होल्स्टीन! आणि पुढे त्याची जोडी अस्सल लाल कंधारीशी लावली, तर वासरंही लालच होणार. म्हणजे भेसळ पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या डोळ्यांत येणारच नाही. गोठा लालेलाल, आणि जात मात्र हळूहळू गायब. कारण काळं की लाल हे मुख्यतः एक जीन ठरवतो. उन्हात तग धरणं, ताकद, दूध यामागे मात्र कितीतरी जीन असतात.

आणि ते 'ए-टू'चं लेबल? त्यामागचा बीटा-केसीनचा जीन गाईच्या 6व्या गुणसूत्रावर, काळ्या-लालचा 18व्यावर. दोघं एकमेकांना न विचारता पुढच्या पिढीत जातात.

थोडक्यात काय, जात रंगात नसते, वंशावळीत असते. गोठ्यात कालवड घेणाऱ्यानं आधी तिच्या आई-बापाची आणि रेतनाची नोंद मागावी. आणि बरणीसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या आपणही विचारायला हरकत नाही: फोटो छान आहे हो, पण नोंद कुठाय?