३५० आणि ३० यांमधले अंतर

कारखान्याचे सांडपाणी सार्वजनिक गटारात सोडण्याची मुभा भारतातील कायदा देतो, पण ती बिनशर्त नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. पाणी शेवटी कुठे जाणार, यावर त्या ठरतात. नदी-नाल्यात थेट सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, सार्वजनिक गटारात मात्र तो ३५० पर्यंत चालतो. बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात ते माप. ते २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवून काढतात. तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा नदीसाठी १०० आणि गटारासाठी ६००, तेल-ग्रीसची अनुक्रमे १० आणि २०. सामू मात्र दोन्हीकडे ५.५ ते ९ असाच लागतो. पारा ०.०१ आणि आर्सेनिक ०.२ या मर्यादाही दोन्हीकडे सारख्याच आहेत.

गटाराला एवढी ढील का? गटाराच्या शेवटी शुद्धीकरण केंद्र आहे आणि उरलेली सेंद्रिय घाण तिथले जिवाणू पचवतील, हे त्यात गृहीत धरलेले असते. जे जिवाणूंना पचत नाही त्याला, निदान पारा-आर्सेनिकच्या बाबतीत, सवलत नाही. हे गृहीतक एका नियमात तर शब्दांत उतरले आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात की, ज्या रुग्णालयाचे गटार शुद्धीकरण केंद्रापर्यंत जात नाही त्याला बीओडी ३० ची कडक मर्यादा लागू, आणि जाते त्याला सार्वजनिक गटाराची सर्वसाधारण मर्यादा. थोडक्यात, ३५० हा आकडा केंद्राच्या जोरावर मिळालेला आहे. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या गावात या नियमांवर वाद होतो तेव्हा नेमके हेच नजरेआड होते. नियम नको म्हणणारे ते विसरतात आणि गटारात उद्योगाचा थेंबही नको म्हणणारेही विसरतात.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा असा की, हे नियम तारापूर-डोंबिवलीसाठी आहेत. हदगावात सोयाबीन, कापूस, हळद, ऊस पिकतो, नालीत विष सोडणारे कारखाने इथे आहेत कुठे? १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायद्यातील व्याख्या वाचल्या की हा मुद्दा टिकत नाही. त्या कायद्यात ‘गटार’ म्हणजे सांडपाणी वाहून नेणारी कोणतीही नळी किंवा चर, मग ती उघडी असो वा बंद. म्हणजे घरासमोरून वाहणारी उघडी नालीही गटारच. ‘प्रवाह’ या शब्दात तर सध्या कोरडा पडलेला ओढासुद्धा येतो. ‘औद्योगिक सांडपाणी’ हे कोणताही उद्योग, क्रिया किंवा प्रक्रिया चालणाऱ्या जागेतून निघणारे, घरगुती नसलेले पाणी. त्यात धुराड्याची अट नाही आणि कामगार किती हेही विचारलेले नाही. विषारी द्रव्य प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडू नये हे कलम २४ सांगते. सांडपाणी सोडण्याआधी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी हे कलम २५.

छोट्या व्यवसायाची घाण छोटीच असते, हाही एक भाबडा समज. पनीर काढल्यावर उरणारे पिवळसर पाणी दिसायला निरुपद्रवी, पण त्याचा बीओडी लिटरला ३०,००० मिलिग्रॅमच्या वर असू शकतो. असे १०० लिटर पाणी नालीत ओतले तर निदान ३ किलो बीओडी वाढतो. एका माणसाच्या सांडपाण्यातून दिवसाला साधारण ४५ ग्रॅम येतो, हे धरले तर तो पासष्टएक माणसांचा बोजा झाला. एका मिठाईच्या दुकानाने अख्खी गल्ली नालीला जोडावी, तसा हा प्रकार. बॅटरी दुरुस्त करणाऱ्याचे गंधकाम्ल, सराफ्यातले तेजाब, वॉशिंग सेंटरचे ऑइल, गॅरेजचे डिझेल हे सगळे याच यादीत बसते. उलट साखर कारखान्यासारख्या मोठ्या उद्योगाला स्वतंत्र मापदंड आहेत. २०१६ च्या अधिसूचनेनुसार त्याला गाळपाच्या टनामागे २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी बाहेर सोडता येत नाही, म्हणजे दिवसाला २,५०० टन गाळप असेल तर ५ लाख लिटर. मोठ्यांवर निदान कागदोपत्री नजर असते. वॉशिंग सेंटरच्या चेंबरचे झाकण कोणी उघडून पाहत नाही.

दुसरा मुद्दा पातळ होण्याचा. नाली ओढ्याला मिळते, ओढा पैनगंगेला. एवढ्या पाण्यात थोडीशी घाण काय कळणार? याचा हिशेब सोपा आहे. ३५० बीओडीचे एक लिटर पाणी ३० च्या आत आणायला त्यात सुमारे ११ लिटर स्वच्छ पाणी मिसळावे लागेल. ऑगस्टमध्ये पैनगंगेकडे ते असते. एप्रिल-मेमध्ये पात्र उघडे पडते आणि इसापूर धरणातून पाणी सोडा अशी मागणी हदगाव, हिमायतनगर आणि पलीकडच्या उमरखेडची गावे जवळजवळ दरवर्षी करतात. ज्या नदीला स्वतःच्या पाण्यासाठी धरणाकडे अर्ज करावा लागतो, तिच्यावर कारखान्याचे पाणी पातळ करण्याचे काम सोपवणे हा विनोद आहे. उन्हाळ्यात डोहात साचलेले ते पाणीच खालच्या गावांची जनावरे पितात. महाराष्ट्राची एकूण स्थितीही फुशारकीची नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक.

तिसरा मुद्दा जबाबदारीचा: नगरपरिषदेला कर भरला की गटारात गेलेले पाणी तिचे. हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर हवे. गटारात काय होते ते आधी पाहावे. सल्फेट असलेले सांडपाणी बंद नळात हवेविना साचले की त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो नळाच्या वरच्या ओल्या भागावर चढतो, तिथले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटचा नळ वरून पोखरत जातो. आम्लयुक्त पाणी सल्फाइडयुक्त पाण्याला मिळाले तर हाच वायू काही क्षणांत सुटतो, आणि चेंबरमध्ये उतरलेला माणूस त्यात सापडतो. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मृत्यू आल्यास १० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. नालीत तेजाब ओतणारा हा खर्च भरत नाही.

सोयाबीनच्या पट्ट्याने तर आणखी एक घटना लक्षात ठेवावी. सॉल्व्हंट पद्धतीने सोयाबीनचे तेल काढताना हेक्झेन वापरतात. लातूरच्या तेल उद्योगाला हे नाव नवे नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरात १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे गटारात साचलेल्या हेक्झेनच्या वाफांनी पेट घेतला. तो रॅल्स्टन प्युरिना कंपनीच्या सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून गटारात आला होता. दोन मैलांहून अधिक रस्ते उखडले, जिथे मॅनहोल होते तिथे खड्डे पडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. पालिकेला कर भरलेला असल्याने ती वाफ पेटायची थांबली नसती.

शुद्धीकरण केंद्र असले तरी सगळे निस्तरत नाही. सायनाइड किंवा जड धातूंचा मोठा लोंढा आला की घाण पचवणारे जिवाणूच मरतात, आणि मग सगळ्या गावाचे पाणी काही दिवस जसे आले तसे बाहेर पडते. जे धातू पाण्यातून निघतात ते गाळात बसतात, आणि गाळ खत म्हणून शेतात जातो. सांडपाणी शेतीला खतासारखेच, असे म्हणणाऱ्यांनाही इथेच उत्तर मिळते: घरगुती मैलापाण्यात नत्र-स्फुरद असते हे खरे, पण उद्योगाच्या पाण्यातले सोडियम काळ्या चिकण जमिनीत साठले की ती कडक होते आणि निचरा बंद पडतो.

चौथा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. मराठवाडा मागास, उद्योग मुश्किलीने येतात. नियमांचा बडगा उगारला तर तेही जातील. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण रोजगाराची टंचाई खरी आहे. पण नियम नसल्याने खर्च वाचत नाही, तो दुसऱ्याच्या अंगावर जातो, हेही तितकेच खरे. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. त्याच न्यायालयाच्या २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालाने तर प्राथमिक शुद्धीकरण यंत्रणा नसलेल्या उद्योगांना नोटीस देऊन बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हा नियम टाळून टिकेल असा उद्योग आणणे म्हणजे कधीही टाळे लागू शकेल असा उद्योग आणणे. शिवाय छोट्या व्यवसायांना लागणारी व्यवस्था फार मोठी नसते. वॉशिंग सेंटरला विटांचा तीन कप्प्यांचा तेल-सापळा पुरतो. आम्लाला चुन्याची टाकी लागते. बॅटरीचे आम्ल तर गटारात येण्याचे कारणच नाही, ते बॅटरीसह पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. पनीरचे पाणी जनावरांना पाजता येते.

आता दुसऱ्या टोकाचा पूर्वपक्ष. काही पर्यावरणप्रेमी म्हणतात, ३५० हा आकडाच लबाडी आहे. उद्योगाचे पाणी गटारात येऊच नये. त्यांच्या म्हणण्यात एक सत्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. शिशाची मर्यादा नदीसाठी ०.१ आणि गटारासाठी १, म्हणजे दहापट सैल. शिसे जिवाणूंना पचत नाही, ते गाळात जाऊन बसते. ही सवलत समर्थनीय वाटत नाही. पण सेंद्रिय घाणीबाबत त्यांचा आग्रह चुकतो. प्रत्येक डेअरीने, प्रत्येक डाळमिलने स्वतःचे संपूर्ण केंद्र बांधायचे तर छोटी दुकाने ते बांधणार नाहीत, बांधले तर चालवणार नाहीत, आणि रात्री नळ उघडतील. सामाईक केंद्रात हेच काम एका प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली होते. म्हणून मर्यादा घालून प्रवेश देणे हे बंदीपेक्षा शहाणपणाचे. इंग्लंडने १९३७ च्या कायद्याने उद्योगांना सार्वजनिक गटाराचा हक्क दिला तो स्थानिक संस्थेच्या संमतीने आणि अटींवर. तिथे आकारणीही ‘मॉग्डेन सूत्रा’प्रमाणे पाणी किती आणि किती घाण यावर होते. आपल्याकडे घरासारखीच सपाट पट्टी लावली तर पनीरवाल्याचा बोजा शेजारची पासष्ट माणसे उचलतात.

यातून तालुक्याच्या गावासाठी जो निष्कर्ष निघतो तो कायद्याच्या तर्काशी जुळतो. ज्या नालीच्या शेवटी चालू शुद्धीकरण केंद्र नाही, तिला ३५० चा आधार नाही. तिथे ३० हीच मर्यादा धरायला हवी. उद्या भुयारी गटार योजना पूर्ण होऊन केंद्र चालू झाले की सवलत आपोआप मिळेल, आणि केंद्र बंद पडले की ती मागेही घ्यावी लागेल. पाण्याचे नमुने घेणारे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय नांदेडला आहे, साठेक किलोमीटरवर, आणि तिथून रोज कोणी येणार नाही. म्हणून नगरपरिषदेने नळजोडणी किंवा परवाना देताना दोन अटी घालाव्यात: उद्योगाच्या पाण्याचा स्वतंत्र तपासणी-चेंबर, आणि तो मालकाच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला. कुंपणाआड असला तर दार उघडेपर्यंत पाणी बदललेले असते. नमुना मात्र जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणेच घ्यायला हवा: मालकाला नोटीस, त्याच्यासमोर दोन भाग, दोन्हीवर सील आणि सही. ही रीत सोडून बाटलीत भरून नेलेले पाणी कितीही काळे असले तरी न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहत नाही.