आजी-आजोबांना कुणी विचारलंय का?

पर्यावरणावरचं कुठलंही पोस्टर डोळ्यांसमोर आणा. हिरवीगार पृथ्वी, एक रोपटं आणि ते धरलेले दोन इवलेसे हात. भाषणातही तेच... ‘पुढच्या पिढीसाठी पृथ्वी वाचवा!’ पुढची पिढी म्हणजे आपण, हे मान्य. पण मित्र-मैत्रिणींनो, त्या पोस्टरवर कधी सुरकुतलेले हात पाहिलेत? हवामान बदल हा जणू फक्त आपला विषय, आणि म्हातारी माणसं ‘ज्येष्ठांनी दुपारी घराबाहेर पडू नये’ एवढ्या सूचनेपुरती. मला हे अजिबात पटत नाही.

पहिली गोष्ट, उन्हाचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, त्यात ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. २०११ च्या जनगणनेनुसार साठीच्या पुढची माणसं आपल्या देशात दहा कोटींहून जास्त होती. ज्यांच्या जिवाशी हा प्रश्न आहे, त्यांना चर्चेतून वगळायचं हा कुठला न्याय?

स्वित्झर्लंडच्या आज्यांनी तर थेट कोर्ट गाठलं. चौसष्टीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांची संघटना. त्यांचं म्हणणं साधं होतं... उष्णतेच्या लाटेत आमच्यासारख्या जास्त मरतात आणि सरकार पुरेसं काही करत नाही. ९ एप्रिल २०२४ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ज्यांना आपण ‘बसा हो आजी, दमाल’ म्हणतो, त्यांनी अख्ख्या सरकारला जाब विचारला!

दुसरी गोष्ट आपल्या सिव्हिलवाल्यांसाठी. आपल्याकडे सॅटेलाईट इमेज आहे, जीपीएस आहे. पण बिल्डिंगखाली बुजलेला ओढा आजच्या इमेजमध्ये कसा दिसणार? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि माणसं गेली. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, आणि ती वाट पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. ओढा कुठून वाहायचा, पूर कुठल्या पायरीपर्यंत यायचा, १९७२ च्या दुष्काळात कुठली विहीर आटली नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीकडे झुकलाय. या डेटाचा बॅकअप कुठेच नाही!

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांचं काय, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे पालुपद चालूच असतं. खरंय. आठवणीत पाऊस नेहमी जास्तच पडतो! पण म्हणून सगळं खोटं नसतं. ‘हल्ली पाऊस नवरात्रातही पिच्छा सोडत नाही’ असं घरोघरी ऐकू येतं. हवामान खात्याने २०२० मध्ये पावसाच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आठवण आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे, बस्स. आपण इंजिनिअर आहोत, तेवढं तर येतंच की! माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना आधी मृग, आर्द्रा, हस्त म्हणजे काय ते शिकावं लागेल, पण तेही शिकू.

आता आपल्या एनएसएस कॅम्पचं बघा. गावात जायचं, झाडं लावायची, संध्याकाळी पथनाट्य करायचं. समोर म्हातारी मंडळी बसलेली, आणि आपण त्यांना पाणी कसं वाचवायचं ते शिकवणार! घागरीने पाणी आणलेल्या माणसांना!! हे उलटं करू या. पहिल्या दिवशी पारावर नकाशा पसरायचा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्यायची. ओढे, झरे, विहिरी, पुराच्या खुणा त्यांनी दाखवायच्या. दुसऱ्या दिवशी आपण जीपीएस घेऊन त्यांच्यासोबत तिथे जायचं. मग ठरवायचं, झाड कुठे आणि बंधारा कुठे.

शहरातही तेच. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं की नाही, हे बऱ्याच ठिकाणी कमिटीतले रिटायर्ड काकाच ठरवतात. त्यात पीडब्ल्यूडी, इरिगेशन, वीज मंडळात आयुष्य घालवलेली माणसंही असतात. त्यांच्याकडे अनुभव आहे, वेळ आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांचा शब्द ऐकला जातो. आपल्या प्रोजेक्टला असे गाईड मिळाले तर?

आपल्या हॉस्टेलमध्ये विदर्भापासून कोकणापर्यंतची पोरं आहेत. येत्या दिवाळीत घरी गेलात की घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना तीनच प्रश्न विचारा. पाणी कुठून यायचं? पूर कुठवर यायचा? काय बदललं? उत्तरं नाव, गाव, सालासकट वहीत लिहून आणा. सर-मॅडमना विनंती, लायब्ररीत या वह्यांसाठी एक कपाट द्या. आणि मित्रांनो, ‘पुढच्या सुट्टीत विचारू’ असं म्हणू नका. सगळ्यांनाच पुढची सुट्टी मिळते असं नाही.

— तृतीय वर्ष, सिव्हिल