प्रबंध जपला, विदा हरवली

पीएचडीचा प्रबंध आता ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर चढतो, गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ती सोय केली. पण तो प्रबंध ज्यावर उभा असतो, ती विदा, म्हणजे डेटा, कुठे जाते? गावोगाव भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा नावांच्या एक्सेल फायली, असे सारे काही संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये, आणि पदवी मिळाली की अडगळीत. रकान्याच्या डोक्यावरचा ‘क्यू ७’ म्हणजे नेमका कोणता प्रश्न, हे पुढे खुद्द त्यालाही आठवत नाही. मग निष्कर्ष पडताळायचे कसे?

फायलींना नावे कशी द्यावीत, मुलाखत देणाऱ्यांची ओळख कशी झाकावी, विदेला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक कसा मिळवावा, हे शिकवण्याची जागा ग्रंथालयच. संशोधनपत्रिका वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले. चांगलेच झाले. मात्र दुसऱ्यांचे संशोधन वाचण्याचा हा उत्साह आपले जपताना दिसत नाही. ग्रंथालयावर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी पाटी लावणे सोपे. विद्यापीठांनी आधी ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत आणि गोपनीयतेचे अपवाद वगळता प्रबंधासोबत विदाही जमा करून घ्यावी.