बाली बेटांतील पाण्याचा कारभार

शेतीच्या कामांत देवधर्माची लुडबूड नको, असें म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. आणि देवास नवस केला कीं कीड आपोआप जाते, असें मानणारेही थोडे नाहींत. या दोन्ही पक्षांनीं बाली बेटाची हकीकत लक्षपूर्वक वाचावी. हें बेट इंडोनेशिया देशांत असून त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५,७८० चौरस किलोमीटर आहे. सन २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती सुमारें ४३ लाख भरली, व तींत बहुसंख्य लोक हिंदु आहेत. भात हें मुख्य पीक, आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं बांधलेलीं खाचरें ही त्या बेटाची शोभा होय.

या खाचरांस पाणी देणारी जी शेतकऱ्यांची मंडळी, तिला तिकडे 'सुबक' म्हणतात. (आपल्या 'सुबक' शब्दाशीं याचा संबंध जोडूं नये.) एका पाटावर ज्यांचीं शेतें भिजतात ते सर्व एका सुबकाचे सभासद. सुबक म्हणजे गांव नव्हे. गांवकीचें मंडळ निराळें; त्यास 'बंजार' म्हणतात, व लग्नकार्य, अंत्यविधि, वाद्यवृंद हीं कामें त्याकडे. ज्याचीं शेतें दोन पाटांवर आहेत तो एका बंजाराचा, पण दोन सुबकांचा सभासद असतो. पाण्याची वांटणी खाचा पाडलेल्या लांकडी ओंडक्यावरून होते. ज्याचा जितका हिस्सा, तितकी त्याची खांच रुंद. खांच सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, त्यामुळें हिशेबास वही लागत नाहीं. आमची सारी हयात पाणीपत्रकें व पीकपाहणीचे तक्ते यांत गेली, म्हणून या सोयीचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. धुळें व नाशिक भागांतील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धति ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाहीं.

आतां देवाचा भाग. जेथें पाणी शेतांत शिरतें त्या कोपऱ्यावर प्रत्येकाचें लहानसें देवस्थान असतें; पाटाच्या मुखाशीं सुबकाचें देऊळ; आणि सर्वांच्या वर, बातुर ज्वालामुखीच्या कड्यावर, सरोवराची देवी दानु हिचें मोठें देऊळ. सन १९२६ च्या उद्रेकांत तें लाव्ह्याखालीं गेलें, तेव्हां लोकांनीं तें वर आणून पुन्हां उभारलें. भात म्हणजे देवी श्री. दर २१० दिवसांनीं फिरणाऱ्या पंचांगांत एक दिवस झाडांचा व एक दिवस गुरांचा असतो. झाडांच्या दिवशीं शेतकरी झाडास सांगतो कीं, पंचवीस दिवसांनीं गलुंगान सण आहे, तेवढ्यांत भरपूर फळ दे. आम्हांस ही गोष्ट फार आवडली. पण देवळांचें खरें काम याहून मोठें आहे: कोणत्या खोऱ्यानें केव्हां पेरावें व केव्हां शेतें मोकळीं ठेवावीं, याचा मेळ तेथें घातला जातो.

सन १९७० नंतरच्या दशकांत सरकारानें नवें बियाणें, खतें व औषधें आणलीं, आणि ज्यास जमेल त्यानें जमेल तितक्या वेळां भात घ्यावें असा आग्रह धरला. देवळाचें वेळापत्रक मागें पडलें. आरंभीं उत्पन्न वाढलें; नंतर शेजारशेजारच्या खाचरांत बारमाही भात उभें राहिल्यानें किडीस अन्न कधीं तुटेना. तपकिरी तुडतुड्यांनीं शेतेंच्या शेतें फस्त केलीं. त्यांस न जुमानणारें बियाणें आणलें, तों टुंग्रो रोग आला. शेवटीं शेतकरी व कांहीं अधिकारीही जुन्या वेळापत्रकाची मागणी करूं लागले.

लान्सिंग व क्रेमर या अमेरिकन संशोधकांनीं पुढें संगणकावर हिशेब मांडून दाखविला कीं, देवळांच्या मेळानें चालणारी लागवड पाणी व कीड या दोहोंचा तोल उत्तम राखते. यांतील मर्म शेतकऱ्यास चटकन् कळेल. वरच्या शेताला पाण्याची ददात नाहीं, मग तो खालच्यासाठीं पाणी कां सोडील? तर खालच्याचें भात निराळ्या वेळीं उभें राहिलें, तर तेथील कीड वर चढेल या भयानें. खालच्यास पाणी हवें, वरच्यास किडीपासून सुटका हवी. म्हणून दोघे एका वेळीं लावतात व एका वेळीं कापतात. देवी दानु हिच्या साक्षीनें हा करार पाळला जातो, एवढेंच. देवीनें कीड मारली असें आम्ही म्हणत नाहीं. पण करार मोडूं दिला नाहीं, हें खरें आहे.

तेथील समाज निर्दोष आहे असें कोणीं समजूं नये. जातिभेद तेथेंही आहे, आणि उत्सवांच्या खर्चानें गरीब घरें वांकतात. तथापि सन २०१२ त युनेस्कोनें सुबकांस जागतिक वारशांत स्थान दिलें तें योग्यच झालें.

खरी चिंता निराळी आहे. खाचरें पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांसाठीं तींच खाचरें बुजवून हॉटेलें व बंगले उठत आहेत. एक शेत विकलें गेलें कीं पाट मध्येंच तुटतो, आणि खालच्या शेतकऱ्यासही विकण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. त्यांत तेथील जमीनकर विक्रीच्या किंमतीवर बसतो. शेजारीं बंगला झाला कीं भात पिकविणाऱ्याचाही कर चढतो. आमच्या मतें हा महसुलाचा उलटा न्याय आहे. भातशेतावरील आकार भाताच्या उत्पन्नावरून ठरावा. सन २०२४ च्या फेब्रुवारीपासून परदेशी प्रवाशांवर प्रत्येकीं दीड लाख रुपियांची पट्टी संस्कृति व निसर्ग यांच्या रक्षणासाठीं म्हणून बसविली आहे. तिचा ठरीव हिस्सा थेट सुबकांच्या हातीं, पाट दुरुस्तीसाठीं, पडला पाहिजे.