पुरावा कशाला म्हणायचे?

या अंकाचा विषय आहे 1692 चे सेलम. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत त्या वर्षी चेटकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी झाली. त्या काळी सगळेच चेटूक मानत, मग दोष कुणाला द्यायचा, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आम्हाला तो पटत नाही. आरोपीची आकृती आपल्याला छळते, असे आरोप करणाऱ्या मुलींनी सांगितले की न्यायालय तो पुरावा धरी. ती आकृती इतरांना दिसतच नसल्याने आरोपीला तो खोडायची सोयच नव्हती. सत्तरीतल्या रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवले होते. निकाल ऐकताच मुलींनी आकांत मांडला, ज्यूरी पुन्हा विचाराला बसली, नर्सबाईंच्या एका वाक्याचा खुलासा मागितला गेला. त्यांना कमी ऐकू येई. प्रश्न कानावर पडलाच नाही आणि ते मौन कबुलीसारखे धरले गेले. 1693 मध्ये नव्या न्यायालयाने आकृतींचा पुरावा बाजूला ठेवला आणि बहुतेक सगळे सुटले. लोकांची श्रद्धा मात्र तीच होती; बदलला तो पुराव्याचा निकष.

हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तरी एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणून या अंकातले लेख मांत्रिकाकडे कमी आणि जबाब, साक्षी, पंच यांच्याकडे अधिक पाहतात. आपल्या भागात अशा तक्रारींची दखल पोलीस आणि गावकरी कशी घेतात, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. आमच्याशी मतभेद असतील तर तेही.