लक्षात ठेवणारी भाषा

गेल्या महिन्यात सेलूच्या मोंढ्यातल्या एका अडत्याने मला बोलावलं. जुना संगणक बंद पडला होता आणि त्यातला हिसाब वाचवायचा होता. हिसाब फॉक्सप्रोमधला. मायक्रोसॉफ्टने 2015 सालीच फॉक्सप्रोची साथ सोडली. तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, डीबीएफ फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली आणि कापसाच्या सगळ्या पट्ट्या समोर आल्या.

फॉक्सप्रो काय किंवा तिच्या आधीची डीबेस काय, त्यांत भाषा आणि दप्तर एकच होतं. 'रिप्लेस' म्हटलं की वजन, भाव थेट फाइलमधल्या नोंदीत जायचे. आज मुलं पायथन शिकतात. प्रोग्राम बंद झाला की त्यातले व्हेरिएबल गेले. मग डेटाबेस वेगळा, त्याची एसक्यूएल भाषा वेगळी आणि दोघांत ने-आण करणारा कोड आणखी वेगळा. छोट्या दुकानाच्या कामात ही हमालीच जास्त होते.

ही कल्पना काही फक्त दुकानदारीची नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये 1966 च्या सुमारास मम्प्स ही भाषा जन्मली. तिच्यात नावाआधी टोपीसारखी खूण केली की ते व्हेरिएबल डिस्कवर टिकतं. आजही अनेक दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी ती सांभाळते.

फॉक्सप्रोचे दोष मला माहीत आहेत. लाइट गेली की इंडेक्स बिघडायचा. फाइल कोणीही पेनड्राइव्हवर उचलून न्यावी. बँकेचा कारभार मी तिच्यावर सोपवणार नाही. पण माझं म्हणणं एवढंच : छोट्या कामासाठी भाषेनेच लक्षात ठेवावं, आणि तेही इतरांना वाचता येईल असं. अडत्याचा हिसाब वाचला तो डीबीएफची रचना सर्वांना ठाऊक होती म्हणून.

वाचला, पण अर्धाच. आकडे जसेच्या तसे होते. शेतकऱ्यांची नावं मात्र युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टात टाइप केलेली. त्या काळी प्रत्येक फॉन्टवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी, म्हणून पडद्यावर नुसती चिन्हं दिसत होती.

शेवटी अडते शेजारी बसले. वजन आणि गावाचा नंबर बघून ते नाव सांगत गेले, मी लिहीत गेलो. काही नावं त्यांनाही आठवली नाहीत.