लाईटला दीडची वायर पुरते, अंतराला पुरत नाही

रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात, तिकडे शिरपूर-शिंदखेड्याला कपाशीच्या शेतात आता पक्की घरं झालीत. फिटिंग निघालं की वाद ठरलेला: लाईटला एकची वायर की अडीचची?

माझं मत, तांब्याची दीडची (1.5 चौरस मिमी) घ्या. एका लाईट सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॅट धरतात, म्हणजे साडेतीन अँपिअर. एलईडी आल्यापासून तेवढाही लोड होत नाही. घरात यापेक्षा जाड वायर म्हणजे पैसा भिंतीत गाडणं.

मीटर बांधावर अन घर 90 मीटर आत असेल तर मात्र हिशेब बदलतो. करंट न्यूट्रलनं परत येतो, म्हणून 180 मीटर धरा. लाईट, पंखे, कूलर मिळून 5 अँपिअर ओढले तर दीडच्या वायरीत 11 व्होल्ट जिरतात, चारच्या वायरीत 4. ज्यांच्याकडे संध्याकाळी आधीच व्होल्टेज पडतं, त्यांना हा फरक लगेच दिसेल.

लाईटला एमसीबी 6 ची. हीटर लावला की ती पडते, मग कुणीतरी 16 ची बसवून देतो. अरे भाऊ, ती वायर वाचवायला आहे! मे महिन्यात भुसावळला पारा 45 ला टेकतो, पत्र्याखालची वायर त्याहून तापते, तेव्हा तक्त्यातले अँपिअर ती झेपवत नाही. हीटरला वेगळी लाईन ओढा.

अन कॉइलवर आयएस 694 चा शिक्का बघा. स्वस्तातल्या वायरीवर दीड छापलेलं असतं, आत तांबं तेवढं नसतं.